माडाएवढा होंबा

मी होंबा. घाबरू नका, राक्षस असलो तरी कागदावरचा आहे. वजन म्हणाल तर पानभर शाईचं, आणि आवाज म्हणाल तर जो वाचेल त्याचा. तुम्ही वाचताय तोवर मला बोलता येतंय, म्हणून सगळं सांगून टाकतो.

माझा जन्म एका चित्रांच्या पुस्तकात झाला. बर्फाच्या डोंगरांत राहायचं आणि कडा कोसळून माणसं गाडली गेली की त्यांना हाका मारायच्या, एवढंच माझं काम. बर्फाला कान लावायचा आणि ओरडायचं, "आहेस का रे?" खालून ओ आली की उकरायला लागायचं.

हे पुस्तक प्रशांत महासागरातल्या अताफू बेटावर आलं ते न्यूझीलंडच्या कुणा आत्यानं पाठवलेल्या खोक्यातून, डबाबंद मटण आणि दूध पावडर यांच्यामध्ये चेपून. उघडलं तावितेनं. तावितेचं पोट मासेमारीवर. घरी बायको लेपेका आणि मुलगी सिउला. संध्याकाळची प्रार्थना आटोपली की तो सिउलाला मांडीवर घेऊन मला वाचायचा, आणि माझा आवाज असा काढायचा की शेजारची डुकरं बुजायची.

"होंबा केवढा होता, बाबा?"

"डोंगराएवढा."

"डोंगर केवढा असतो?"

"खूप उंच."

"माडाएवढा?"

तावितेचे डोळे मिटत आले होते. "हो गं बाई, माडाएवढा."

झालं! ढगांत डोकं असलेला मी एका जांभईत माडाएवढा झालो. खोटं कशाला बोलू, रागच आला होता मला.

पण त्या पोरीमुळेच मी बाहेर आलो. एका सकाळी ती बेटाच्या आतल्या खाऱ्या पाण्याच्या, म्हणजे लगूनच्या, काठी भांडी घासत होती. घासता घासता तिनं सगळ्यात उंच माडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "होंबा, ये ना खाली."

आणि मी आलो की हो! काय सांगू तुम्हाला! पुस्तकात वारा म्हणजे तीन वाकड्या रेघा. इथे तो अंगाला लागत होता, त्याला खारट वास होता. पुस्तकातला सूर्य म्हणजे पिवळा ठिपका. इथे त्याच्याकडे बघवेना. आणि समोर जे पसरलं होतं, त्याचं तर चित्रसुद्धा मी कधी पाहिलं नव्हतं. मी आ वासून उभा राहिलो.

"असा काय बघतोस?" सिउला म्हणाली. "समुद्र आहे तो."

"हा सगळा?"

"हॅ, एवढाच नाही काही. पलीकडे पण आहे."

पुढे तिनं मला गावभर मिरवलं. पुस्तक सगळ्या पोरांत फिरलेलं, त्यामुळे ओळख फारशी करून द्यावी लागली नाही. सगळ्यात जास्त थक्क झालो ते इनातीच्या दिवशी. गावच्या नावा मिळून मासे धरून आणतात, किनाऱ्यावरच्या खडीत ओतून ठेवतात आणि मग डोई मोजून वाटे पडतात, त्याला इनाती म्हणायचं. वाटे घालायला सेमूआजोबा. कालच जन्मलेलं पोर असो की अंथरुणाला खिळलेली म्हातारी, कुणाचा वाटा चुकत नाही. एवढा मोठा समुद्र पाहून झालो होतो तितकाच मी हे बघूनही अवाक झालो.

आणि मग एक दिवस तावितेची नाव परत आली नाही.

एकटाच गेला होता, रीफच्या, म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याच्या, बाहेर, कुपा माशांच्या मागे. इंजिन बंद पडलं असणार, प्रवाहानं ओढून नेलं असणार, असं जो तो म्हणत होता. गावच्या सगळ्या नावा शोधून आल्या. विमान आलं, घिरट्या घालून गेलं. लेपेका घरातली कामं उरकत राहिली, कुणाशी बोलेना. आणि सिउला रीफकडे तोंड करून बसली. घास तिच्या घशाखाली उतरेना.

"तू हाका मारतोस ना?" ती माझ्यावर खेकसली. "मग इथे काय उभा आहेस ठोंब्यासारखा? जा!"

आता हिला कसं सांगावं? मी जातो ते कुणाचं तरी मन मला नेईल तिथवरच. तिचं मन रीफ ओलांडून गेलं, थोडं आणखी पुढे गेलं, आणि नुसत्या निळ्या पाण्यात अडलं. मीही कमरेएवढ्या पाण्यात अडलो.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं मला कुणीतरी ओढलं.

तावितेच होता तो! नावेच्या तळाशी पडलेला, ओठ फुटलेले, आणि झोप लागू नये म्हणून माझीच गोष्ट स्वतःला सांगत होता. मी त्याच्यासमोर बसलो, तेही साध्या माणसाएवढा होऊन. राक्षस बसला तर नाव उलटेल, म्हणून त्यानं मला आखडून घेतलं होतं. मरणाच्या दारातही माणूस किती विचार करतो बघा.

"आहेस का रे?" मी विचारलं.

"आहे." मग बऱ्याच वेळानं, "सिउला जेवली का?"

"जेवली."

कारण त्याला तेच ऐकायचं होतं. ज्याच्या मनात मी असतो त्याचेच शब्द माझ्या तोंडी येतात. इकडचा निरोप तिकडे नेणं माझ्या हातात नाही. किनाऱ्यावर सिउलानं विचारलं, "बाबा आहे ना?" तेव्हा मी "आहे" म्हणालो तेही तिलाच हवं होतं म्हणून. फक्त ते खरं होतं, आणि हे एकट्या मला माहीत होतं. असा जीव माझा कधीच तुटला नव्हता.

मग पुन्हा इनाती आली. सेमूआजोबांनी तावितेच्या घराच्या नावानं दोन वाटे ठेवले आणि तिसरा हातात घेतला. लेपेका पुढे झाली.

"काका, दोनच ठेवा."

वाटा थांबला म्हणजे माणूस गेला, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"लेपेका, घाई काय आहे?" सेमूआजोबा म्हणाले.

"किती दिवस घेत राहू? मेलेल्या माणसाच्या नावानं लोकांच्या ताटातलं ओढायचं का मी?"

"आई!" सिउला किंचाळली. "बाबा आहे! होंबानं सांगितलंय!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "घ्या! आता पुस्तकातला राक्षस साक्ष देणार."

सेमूआजोबांनी नुसतं वळून पाहिलं, तसं हसणाऱ्याचं तोंड बंद झालं. मग त्यांनी सिउलाला विचारलं, "कुठे आहे गं तो?"

तिनं माडाशेजारी बोट दाखवलं. आजोबांनी कपाळावर आडवा हात धरला आणि वर पाहिलं. त्यांच्यामागून सगळ्या गावानं पाहिलं. बायांनी, पोरांनी, हसणाऱ्यानंसुद्धा. अहो, मी पोराटोरांच्या मनातला! एवढी मोठी माणसं, एवढी उन्हानं रापलेली तोंडं माझ्याकडे आशेनं बघतायत म्हटल्यावर मी होतो त्याहून ताठ उभा राहिलो.

"होंबा," सेमूआजोबा म्हणाले, "ताविते आहे का रे?"

"आहे! आहे! आहे!" मी जीव खाऊन ओरडलो. कुणाला ऐकू गेलं, देव जाणे.

आजोबांनी माडाच्या दिशेनं कान दिला. मग वाकले आणि तिसरा वाटा खडीवर ठेवला. "राक्षस 'नाही' म्हणाला नाही," ते म्हणाले. "वाटा राहील."

लेपेका तिथेच खाली बसली आणि मोकळेपणानं रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

तावितेला एका परक्या मासेमारी जहाजानं उचललं, पार पश्चिमेकडे. सामोआहून येणाऱ्या बोटीनं तो परतला तेव्हा अंगावर नुसती हाडं होती. सिउलानं त्याच्या गळ्याला जी मिठी मारली ती सुटेचना. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. विसरला गेल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

"नावेत एकटा कसा राहिलास रे?" लोक विचारत.

"एकटा कुठे? होंबा होता," ताविते म्हणे, आणि लाजून मान खाली घाली.

पुढच्या इनातीला तो स्वतः टोपली घेऊन आला. सेमूआजोबांनी तीन वाटे ठेवले. जरा थांबले, आणि शेजारी एक बारका मासा ठेवला.

"काका, आम्ही तिघंच आहोत," ताविते म्हणाला.

"मला मोजता येतं," म्हातारे म्हणाले, आणि पुढच्या घराच्या वाट्यांकडे वळले.

माशाच्या शेपटीवरूनही कुरकुरणारं ते गाव, पण त्या दिवशी कुणी हूं की चूं केलं नाही. मासा सिउलानं खाल्ला, "होंबानं दिलाय" म्हणून. मला कुठे खाता येतंय! चित्रात माझ्या डोळ्यांत पाणी काढलेलं नाही, तरी त्या दिवशी ते आलं.

आता ते पुस्तक समुद्राच्या ओलीनं कुजून गेलंय. माझा अर्धा चेहरा बुरशीनं खाल्लाय. तुमच्याकडे एवढंच मागतो, तुमचं कुणी लांब गेलं असेल, त्याची खबर येत नसेल, तर त्याचा वाटा इतक्यात उचलू नका. शेजारचं पोर "तो आहे" म्हणालं, तर एकदा वर बघा.

माझी काळजी करू नका. तुम्ही पान मिटलंत की मीही मिटेन. पण एका गावानं मला माणसांत मोजलंय, आणखी काय पाहिजे! येतो मी.