खालची पट्टी

"पैशे द्यायचेच हायेत तर ही चमकणारी घे की," हरिबा काउंटरवरच्या लालभडक गिटारकडे बोट दाखवत म्हणाला. "गल्लीतल्या लोकांना बघायला तरी बरी वाटंल."

"लोकांनी बघावं म्हणून घ्यायले व्हय मी?" यशोदानं नवऱ्याला तिथंच गप्प केलं.

नवी पेठेच्या मागच्या बोळातलं ते वाद्यांचं दुकान सुंदरम्मा चालवायची. नाकात दोन्हीकडे चमक्या, केसांत अबोली, आणि मराठी बोलताना मध्येच तेलुगूचा हेल. तिनं लाल गिटार उचलून यशोदाच्या मांडीवर ठेवली. "दाबून बघा अक्का. इथं, मधी."

यशोदानं तार दाबली. तार बोटात रुतली आणि छेडली तर आवाज आला तो नुसता फसकन.

"तारा लाकडापासून लांब आहेत हिच्या," सुंदरम्मा म्हणाली. "नवीन माणूस आठ दिवस दाबतो, बोटं सोलून घेतो आणि मग खुंटीला टांगतो. दिसायला छान, शिकायला वैरीण. तुम्हाला शिकायचंय ना?"

"शिकायचंयच. टांगायला घरात कॅलेंडर हाय."

हरिबानं कपाळाला हात लावला. चिंचोळी एमआयडीसीत तो वॉचमन होता. माणसांना गेटवर अडवण्यात त्याचा जन्म गेला, पण बायकोला अडवणं काही त्याला जमलं नव्हतं. "अगं, पन्नाशीला आलीस. पोरींच्या हातात शोभतं असलं. त्यापरीस पेटी घे म्हणलं तर…"

"पेटी तुमच्या पगारात बसतीया का? आन् शिकवणार कोण? देवळातले अण्णा?"

अण्णांचं नाव निघालं आणि हरिबानं पेटीचा विषय सोडला.

यशोदा एसटीत कंडक्टर. अक्कलकोटच्या गाडीत 'पुढं सरका, पुढं सरका' करून करून आवाज भरदार झालेला; मुळातही तो जाडच होता. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ती कीर्तनं ऐकायची. बुवांनी उभं राहून अभंगाला हात घातला आणि मागून टाळ-मृदंग उसळले की ती बापाच्या डोक्यावरच ताल धरायची. आज अंगात खाकी असली तरी तिचं ते वेड सुटलं नव्हतं. वस्तीतल्या देवळात दर एकादशीला कीर्तनाआधी भजन असायचं, एकेकानं एकेक अभंग म्हणायचा. पेटी धोंडीराम अण्णांची. ती कायम काळी चारमध्ये, म्हणजे चढ्या पट्टीत वाजायची, कारण अण्णांचा स्वतःचा गळा तिथं खुलायचा. त्या पट्टीत गायचं म्हणजे यशोदाला जिना धावत चढल्यासारखं व्हायचं. वरच्या सुरावर आवाज चिरकायचा.

मागच्या एकादशीला तो चिरकला, तेव्हा अण्णांनी भाता सोडला. अभंग अर्ध्यावर तुटला. भरल्या देवळात ते म्हणाले, "यशोदाबाई, तुम्ही आपल्या टाळ्या वाजवा. आवाज तुमचा एसटीतच बरा."

लोक हसले. घरी येऊन यशोदा भाकरी थापत राहिली. पीठ संपलं तरी थापतच राहिली. मग हरिबाला म्हणाली, "मी म्हणणार. त्याच देवळात म्हणणार."

गिटारचं तिच्या डोक्यात आलं ते मात्र गाडीमुळं. वळसंगच्या अलीकडे गाडी बंद पडली होती, आणि ऋतुजा नावाची एक कॉलेजची मुलगी झाडाखाली बसून गिटार वाजवत होती. यशोदा शेजारी टेकली, सहज गुणगुणू लागली, आणि अख्खा अभंग म्हणून झाला तरी घसा कुठं ताणला गेला नाही. असं का झालं ते तिला कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की असं होऊ शकतं.

आता सुंदरम्मानं दुसरी गिटार काढली. "ही नायलॉन तारेची. मऊ असते बोटाला. पण मान रुंद आहे, बघा."

यशोदाचा आखूड पंजा अर्ध्या मानेवरच अडला.

मग निघाली एक तपकिरी, लहान अंगाची. सुंदरम्मानं एक डोळा मिटून तिची मान सरळ आहे का पाहिलं, मग पुढं केली. "हिच्यावर शायनिंग नाही. लाकूडही भारीचं नाही, खोटं कशाला बोलू? पण तारा बारीक आहेत, जवळ आहेत. पहिल्या गिटारनं माणसाला पळवून लावायचं नसतं."

यशोदानं तार दाबली. छेडल्यावर टणकन स्वच्छ आवाज निघाला. ती दचकली आणि हसली.

"म्हणा काहीतरी," सुंदरम्मा म्हणाली. तिनं गिटार स्वतःकडे घेऊन मानेवर एक चिमटा बसवला आणि तारा छेडल्या. "बायका बहुतेक इथं गातात."

यशोदानं सूर लावला. वर गेली, आणि चिरकली. दुकानात तबल्याला शाई भरून घ्यायला आलेला एक गृहस्थ फिसकन हसला. हरिबा दाराबाहेरच्या रिक्षा पाहू लागला.

"चला," तो हळूच म्हणाला. "यशोदे, चल की."

"थांबा ओ भाऊजी!" सुंदरम्मानं चिमटा एक घर मागं घेतला, तसा सूर तेवढाच खाली उतरला. "परत म्हणा अक्का."

परत चिरकला. आणखी एक घर मागं. मग आणखी एक. हसणाऱ्या गृहस्थाकडे यशोदानं असं पाहिलं, जसं ती बिनतिकीट माणसाकडे पाहायची. चिमटा गिटारच्या डोक्याजवळ आला, तिनं सूर लावला, आणि आवाज बसला. वर गेली, बसला. खाली आली, तिथंही बसला.

रिक्षा पाहणारा हरिबा मागं वळला.

"गळ्यात काही खोट नाही तुमच्या," सुंदरम्मा म्हणाली. "तुमची पट्टी खालची आहे, एवढंच. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही?"

 यशोदानं डोळे पुसले आणि पर्स उघडली. "हीच द्या. चिमट्यासकट."

त्यानंतर ड्युटीवरून आली की ती शिकायची. सुंदरम्मा म्हणाली होती, दोन कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटं ठेवायच्या दोन तऱ्हा, आले की भजन होतं. पहिला लवकर आला. दुसऱ्याला करंगळीशेजारचं बोट वेळेवर पोचेना. शेजारची बजाबाई भिंतीपलीकडून ओरडायची, "यशोदे, काय मांजर दाबायलीस का?" यशोदा इकडून ओरडायची, "दाबायले! तू कान दाब!"

मार्गशीर्षातल्या एकादशीला ती देवळात आली ती चादरीत गुंडाळलेली गिटार घेऊन. तिचा नंबर आला तेव्हा तिनं चादर सोडली.

"हे काय?" अण्णा उसळले. "देऊळ हाय का हॉटेल?"

"अण्णा, बुवांच्या गळ्यातल्या वीणेला ताराच हायेत न्हवं?"

"मी पेटी धरणार न्हाई."

"नका धरू."

अण्णांनी भाता मिटला. पखवाजवाला कुणाकडे पाहावं ते न कळून पांडुरंगाकडे पाहू लागला. यशोदानं डोळे मिटले आणि सुरुवात केली. खालच्या पट्टीतला तो जाड, भरलेला आवाज देवळात पसरला.  पहिला चरण झाला. दुसऱ्या चरणाला कॉर्ड बदलायचा होता. बोट घसरलं, भलतीच तार वाजली. सूर तुटला.

मागून हसू आलं.

"फिटली हौस?" अण्णांनी पेटी पुढं ओढली. "चला, पुढचं कोण?"

हरिबा खांबाला टेकून मान खाली घालून बसला होता. यशोदा उठली नाही. तिनं गिटारवर एकेक बोट पुन्हा ठेवलं, सावकाश, कुणीही घाई करत नसल्यासारखं.

"चुकलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पहिल्यापासनं घेते."

आणि तिनं घेतलं. पहिला चरण झाला, दुसरा आला, तीच जागा आली. बोट याही वेळी मागंच राहिलं. पण या खेपेला ती थांबली नाही, तिनं तो एक सूर तसाच धरून ठेवला. बोट चाचपडत तारेपर्यंत पोचेतोवर आवाज तिथंच उभा राहिला. मग आवाज आणि तार, दोघं मिळून पुढं गेली.