कोपऱ्यातून खाली ओढा

मित्रांनो, मी एक जुना चाचणीचा फोन आहे आणि स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही. कसं असणार? बोट नुसतं ओढलं की फोनची हवी ती सेटिंग झटकन मिळावी, म्हणून जिथे नवनव्या खुणा आखतात, त्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. वरून ओढलं की उजेड कमी, कडेने ओढलं की टॉर्च चालू. दिवसभर नुसता पिच्छा पुरवायचे!

या खुणा आखणारी आमची ताई मोठी हौशी. कोपऱ्यातून अंगठा खाली ओढला की आवाज आणि थरथर दोन्ही बंद, ही खूण तिचीच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझाही ऊर भरून आला. पण मला स्टँडवर उभं करूनच सगळे बोट फिरवायचे. खिशातून काढून कोणी पाहिलंच नाही.

एकदा ताईचा स्वतःचा फोन फुटला, म्हणून तिने तिचं सिम माझ्यात घातलं. तिच्या थोरल्या बहिणीचे दिवस भरत आले होते आणि मेहुणे परगावी होते. "अक्का, कळा सुरू झाल्या की लगेच फोन कर हं. मी धावत येते," ताईने बजावलं आणि मला जीन्सच्या खिशात कोंबलं.

तिथेच घात झाला! वेळ बघायला तिने मला खिशातून उपसलं, तेव्हा अंगठा कोपऱ्यावरून घसरला आणि माझी वाचाच बसली. तिला पत्ताही नाही. थोड्या वेळाने पडद्यावर नाव आलं, अक्का. पुन्हा अक्का. पुन्हा! अगं बाई, बघ ना एकदा! मी खिशात तडफडत होतो आणि ताई बैठकीत हीच खूण सगळ्यांना कौतुकाने समजावत होती.

शेवटी शेजारच्या काकूंनी अक्काला दवाखान्यात नेलं. बैठक संपल्यावर ताईने मला बाहेर काढलं, अक्काचे सगळे कॉल पाहिले आणि धावत सुटली, पण ती पोचली तोवर बाळ झालं होतं. दोघं सुखरूप होती. अक्का एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तू मुद्दामच उचलत नाहीस." ताई ढसाढसा रडली.

कामावर जाताच तिने ती खूण काढायला सांगितली. साहेब म्हणाले, "अहो, होईल की लोकांना सवय."

"सवय होईपर्यंत कोणाकोणाच्या बहिणी फोन करत राहणार, सर?"

खूण बदलली. आता आधी दाबून धरायचं, मगच ओढायचं.

मी मात्र कपाटात पडून आहे आणि जिवाला चैन नाही. मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांचा फोन आज जरा हातात घेऊन बघा. आवाज चुकून बंद झाला असेल, तर चालू करून द्या. नाहीतर तुम्ही इकडून फोन करत राहाल आणि ते बिचारे फोन जवळ घेऊन बसतील, आपली कोणी आठवणच काढत नाही म्हणून.