मालोजीरावांचा साचा

चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या निदान साठ मराठी मुलामुलींची लग्नं मालोजीरावांनी टाइप केली होती. म्हणजे जमवली इतरांनी, पण स्थळाचा बायोडाटा मात्र यांच्या हातचा. नाव, गोत्र, नक्षत्र, उंची, शिक्षण, आवडी. पंधरा ओळी, सोळावी नाही, हा त्यांचा खाक्या. बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाले तरी टाइपरायटर रोज पुसत.

म्हणून नातीच्या, भव्याच्या तापाच्या गडबडीत सून शर्मिष्ठा हाताने लिहिलेली दोन पानं घेऊन आली आणि म्हणाली, "अप्पा, नोकरीसाठी बायोडाटा टाइप करून पोस्टात टाकाल?" तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! सून पुण्याची. त्यांची तमिळमिश्रित तंजावरी मराठी ऐकून पहिल्या वर्षी तोंड फिरवून हसायची.

"सरि अम्मा, मज दे," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी अण्णा नगरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं बोलावणं आलं. पुण्यात शर्मिष्ठाने चार वर्षं सी प्लस प्लसमध्ये काम केलं होतं. मग लग्न, चेन्नई, भव्या. इथे ती सून होती, आई होती. पुण्यातल्या त्या मुलीची चौकशी तीन वर्षांत कुणी केली नव्हती, आणि ही संधी हुकली तर आपणही तिला विसरून जाऊ, अशी शर्मिष्ठाला धास्ती होती.

अप्पा सोबत आले आणि बाहेरच्या बाकावर बसले.

आत राममूर्ती नावाचे साहेब होते. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ऑब्जेक्ट स्लायसिंग म्हणजे काय?"

शब्द ओळखीचा, पण अर्थ काही केल्या आठवेना. साहेबांनी हसू दाबत एक कागद पुढे सरकवला. "बरं, हे सांगा. बी.ई. बघून बोलावलं, पण या भरणी नक्षत्राचा आमच्या कामाशी काय संबंध?"

अप्पांनी टाइप केलेला तिचा बायोडाटा तिने पहिल्यांदाच वाचला. गोत्र, नक्षत्र, उंची पाच फूट दोन इंच. शिक्षण बी.ई. रांगोळीची आवड, स्वभाव मनमिळाऊ. चार वर्षांची नोकरी कुठेच नाही! आधी तिला रडू आलं. मग एकही खाडाखोड नसलेल्या त्या ओळींकडे बघताना चष्मा सावरत टाइप करणारे अप्पा दिसले, आणि हसू फुटलं. त्या हसण्यात अर्थही आठवला.

"सर, हा कागद म्हणजेच स्लायसिंग! 'माणूस' असा एक क्लास, म्हणजे साचा, समजा. त्यात नाव, उंची एवढंच. त्यावरून 'इंजिनिअर' बनवला आणि त्यात अनुभव वाढवला. आता इंजिनिअरची नक्कल माणसापुरत्या जागेत केली, तर मावेल तेवढंच जातं. बाकीचं कापलं जातं, आणि कम्पायलर बहुधा चकार शब्द काढत नाही."

"उपाय?"

"नक्कल द्यायची नाही, रेफरन्स द्यायचा. म्हणजे मूळ ऑब्जेक्टपाशीच पोचता येतं, आणि मूळ ऑब्जेक्ट शाबूत असतो. मी समोर बसलेय, सर. विचारा."

साहेबांनी तासभर विचारलं, आणि सोमवारपासून या म्हणाले.

बाहेर आल्यावर अप्पांची नजर तिच्या हातातल्या कागदावर गेली. तिने लपवायचा प्रयत्न केला, पण शेवटी सांगावंच लागलं.

"अय्यो! मज वाटलं, बायोडाटा म्हणजे तोच," अप्पांचा चेहरा पडला. "तुझीं पानं वाचलीं, अम्मा. पण तें सगळं कुठें घालूं कळलं नाहीं. म्हणून सोडलं."

"नोकरी मिळाली, अप्पा."

त्यांनी मान हलवली, पण आनंदले नाहीत. दोघं बसस्टॉपवर येऊन बसली. तिला त्यांची फार माया आली. मांबलमची बस आली. तिने त्यांच्या हाताला धरलं, तर ते उठेनात.

"जाऊ दे ती," अप्पा म्हणाले. "तूं पुण्यांत काय काम करत होतीस, तें मज सांग. पहिल्यापासून सांग. मज कळेल असं."

बस निघून गेली. शर्मिष्ठाने डोळे पुसले आणि पुण्यातल्या पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.