रिकामी गेलेली बारी

जनावरांच्या खाद्याच्या त्या जुन्या दुकानात शुक्रवारी संध्याकाळी खुर्च्यांचा गोल मांडला, की हॉबर्ट सिझमोरच्या अंगात यायचं. एरवी स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालणारा हा म्हातारा बँजो गळ्यात पडला की ताठ बसायचा. ब्लूग्रासच्या, म्हणजे डोंगराकडच्या तारवाद्यांवरच्या गाण्यांच्या, त्या गोलात त्याचा शब्द चाले. शब्द कसला, मान. कडवं संपलं की तो ज्याच्याकडे बघून मान हलवी, त्याने चाल वाजवायची आणि बाकीच्यांनी मागे ठेका धरायचा. ज्याच्याकडे मान हलली नाही, त्याची बारी गेली.

आज त्याच्या शेजारी त्याची मुलगी डार्ला बसली होती. आत्याच्या मातीला म्हणून ती ओहायोहून आली होती आणि सकाळी परत निघणार होती. इकडे येताना हॉबर्टने कपाटातलं तिचं जुनं मँडोलिन गाडीत टाकलं. नव्या तारा त्याने गुपचूप आधीच चढवल्या होत्या. हे कशाला, असं तिने विचारलं, तर म्हणाला, असू दे.

पंधरा वर्षांची असताना ती याच गोलात त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. त्या रात्री पलीकडच्या खोऱ्यातले नावाजलेले वादक आले होते, गाणं नुसतं पळत होतं. डार्लाने तारांवर बोटं ठेवून बापाकडे पाहिलं. बापाने तिच्या डोक्यावरून पलीकडच्या पाहुण्याकडे बघून मान हलवली. तिने मँडोलिन पेटीत घातलं, आणि शाळा संपली तसं गावही सोडलं. पोरीची फजिती होऊ नये म्हणून मी तसं केलं, असं हॉबर्ट पुढे ज्याला त्याला सांगत सुटला, इतकं की त्यालाही ते खरं वाटू लागलं. खरं तर पाहुण्यांपुढे आपलं नाक कापलं जाईल, ही त्याची भीती होती. हे कबूल करायला त्याला म्हातारपण यावं लागलं. आणि कबूल केलं तेही मनातल्या मनात. फोनवर मात्र हा गृहस्थ तिला पावसापाण्याचंच विचारत राहिला.

गिटारवाल्या एमेटने डार्लाला चिडवलं, "ओहायोत उपाशी ठेवतात की काय गं तुला? आधी मक्याचा पाव खा, मग वाजव." ती हसली आणि मँडोलिन मांडीवर घेऊन तिने ठेका बरोबर धरला. हॉबर्टचा जीव भांड्यात पडला.

मग त्याने मुद्दाम एक संथ, सोपं गाणं धरलं. कडवं संपलं तसा तो तिच्याकडे वळला आणि सगळ्यांना दिसेल अशी मान हलवली.

डार्लाची बोटं ठेक्यावरच राहिली. तिने नाही म्हणून हळूच मान हलवली. एकाने नको म्हटलं की शेजारच्याने चाल उचलायची, ही तिथली रीत. फिडलवाल्या नोरीनने गज उचललाही होता, पण हॉबर्टने तिला डोळ्यांनीच थांबवलं. ही बारी त्याला दुसऱ्या कुणालाही द्यायची नव्हती. गोलात नुसता ठेका चालू राहिला, चाल कुणीच वाजवेना. ऐकायला आलेले लोक बावचळून एकमेकांकडे बघू लागले. "अरे, घ्या कुणीतरी," एमेट पुटपुटला. हॉबर्ट मुलीकडेच बघत राहिला आणि बारी तशीच रिकामी गेली. उरलेलं गाणं त्याने कसंबसं आटोपलं.

बाहेर गाडीपाशी आल्यावर त्याने एकदाचं तोंड उघडलं. "त्या रात्री माझं चुकलं, पोरी. गाणं फार जलद होतं. मला वाटलं, तुला झेपणार नाही."

डार्लाने मँडोलिनची पेटी मागच्या सीटवर ठेवली.

"आज नाही झेपत, डॅडी. इतक्या वर्षांत हात लावला नाही, कुठून झेपणार? त्या रात्री येत होतं मला. सगळा उन्हाळा तुम्ही खाणीवर गेलात की मी तेवढंच घोटत बसायचे. आईने ऐकलं होतं, शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. तुम्हीच तेवढे ऐकायचे राहिलात."