पोरीला आत निजव

फळीवरचा तांब्या खाली आदळला तेव्हा दमयंतीला वाटलं, मांजर शिरलं. मग ताटंही थरथरू लागली आणि दाराची कडी आपोआप वाजली. बोईसरच्या त्या चाळीत कुणी बाहेर आलं, कुणी कूस बदलून परत झोपलं. तिचा नवरा पंढरी मात्र अंथरुणात ताठ बसून राहिला. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर येण्याआधी तो सहा वर्षं कोयनेच्या धरणावर गवंडी होता. तिथल्या भूकंपांमुळे ही थरथर त्याच्या ओळखीची होती.

"धक्का हितवर पोचला, म्हंजे तिकडं काय झालं असंल?" तो म्हणाला.

दमयंतीने त्याचा हात घट्ट धरला. तिकडे, कोयनानगरला, तिची आई राहीबाई एकटी राहायची. आणि सध्या आजीपाशी त्यांची चार वर्षांची शकू होती.

सदुसष्ट सालच्या डिसेंबरातला तो सोमवार. उजाडल्यावर पंढरी स्टेशनवर गेला. मुंबईहून आलेली माणसं सांगत होती, मुंबईत वीज गेलीय, कोयनेहून येणारी. दुपारी चहाच्या दुकानातल्या रेडिओने कोयनानगरचं नाव घेतलं. घरंच्या घरं बसली होती. पंढरी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला.

मागे उरली दमयंती, आणि तिच्या डोळ्यांपुढून न हलणारी आठ दिवसांपूर्वीची सकाळ.

बोईसरच्या दमट हवेत शकूचा खोकला हटेना, म्हणून तिला आजीकडे ठेवायला दमयंती गेली होती. निघायच्या दिवशी राहीबाई अंगणात नातीला न्हाऊ घालत होती. डोळ्यांत साबण गेला म्हणून शकू किंचाळत होती. तेवढ्यात जमीन गुरगुरली. कित्येक महिने ती गुरगुरतच होती. राहीबाईने एका हाताने कलंडता हंडा सावरला, दुसऱ्या हाताने पोरीचं डोकं चोळत राहिली, आणि शेजारणीच्या म्हशीची गोष्ट मधे न तोडता पुढे सांगितली. दमयंतीला हसू आलं होतं.

सप्टेंबरात मोठा धक्का बसल्यापासून राहीबाई अंगणातच निजायची, आणि आता नातीलाही कुशीत घेऊन. निघता निघता दमयंती तिच्यावर चिडली.

"आये, थंडी किती पडलीया! पोरीला आत निजव. खोकल्यानं मरंल ती."

"बरं बाई, निजवीन," राहीबाई म्हणाली होती.

हे तिने पंढरीला सांगितलं नव्हतं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. शेजारची इंदुबाई भाताची ताटली घेऊन यायची. "बाय, दोन घास खा. उपाशी ऱ्हाऊन काय होणार हाय?" दमयंती घास तोंडात घ्यायची, पण तो गिळवत नसे. जिन्यावर पाऊल वाजलं की ती दाराशी धावायची. ती देवाकडे एकच मागत होती, आईने आपलं ऐकलेलं नसू दे. उभ्या जन्मात म्हातारीने लेकीचं काही ऐकलं नव्हतं. हे तरी कशाला ऐकेल?

गुरुवारी दुपारी इंदुबाईच ओरडली, "अगो, तुजी पोर आली!"

पंढरीच्या खांद्यावर शकू होती. अंगात कुणाचातरी ढगळ स्वेटर, केसांत माती. दमयंतीने तिला ओढून छातीशी धरलं आणि पंढरीच्या पाठीमागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"आये?"

पंढरीने मान हलवली.

शेजाऱ्यांकडून आणि शकूच्या तोंडून कळलं ते त्याने सांगितलं. दोघी आतच निजल्या होत्या. पहाटे शकूला लघवीला लागली म्हणून आजीने तिला बाहेर आणलं. पोर कुडकुडायला लागली. "हितंच बस, वाकळ आणते," म्हणून म्हातारी आत गेली, आणि दगडी भिंत बसली.

"अग्नी मीच दिला," पंढरी म्हणाला.

दहाव्याला तिघं कोयनाकाठी गेली. पिंड मांडले तशी दमयंती झाडाकडे बघत राहिली. आईच्या मनात राग असेल तर कावळा शिवायचा नाही. तास झाला, कावळा येईना. पंढरी हलक्या आवाजात म्हणाला, "आज काठावर पिंडंच किती हायेत बघ. कावळ्यांची पोटं भरल्याती."

तिला ते पटलं नाही. ती हात जोडून पुढे झाली. शकूला जपीन, म्हणाली. वर्षश्राद्ध चुकवणार नाही, म्हणाली. कावळे झाडावरच बसून होते. मग तिचा धीर सुटला.

"आये, मीच म्हनले गं, आत निजव. माझं कशाला ऐकलंस?"

पंढरीने चमकून तिच्याकडे पाहिलं. क्षणभर तिला त्याचीही भीती वाटली. पण शकूला मांडीवर घेऊन तो तिला लागून बसला.

ऊन कलल्यावर एक कावळा खाली उतरला, भाताचं शीत उचलून गेला. बायका म्हणाल्या, सुटली म्हातारी. दमयंती मात्र कितीतरी वेळ त्या पिंडाकडे बघत बसली. शेवटी पंढरीनेच तिला हाताला धरून उठवलं.