चॉकलेटचा माईक

झाडीपट्टीच्या नाटकांत गाणारी दुर्गा उईके गेल्या हिवाळ्यात प्रयोगाहून परतताना अपघातात गेली. तिच्या चाहत्यांनी सिकलसेलच्या रुग्णांसाठी सालेकशात लिलाव ठेवला. गोंदियाची रीना घरी चॉकलेटं बनवायची. तिनं लिलावाला दुर्गाच्या माईकसारखा हुबेहूब चॉकलेटचा माईक करून दिला.

भर दुपारी लिलाव रंगात आला आणि लाईट गेली. कूलर थांबले, लाउडस्पीकर बंद पडला. लिलाव पुकारणाऱ्या संघदीपनं लोकांना रमवायला चॉकलेटचा माईक उचलला आणि गमतीनं म्हटलं, "हॅलो, हॅलो!"

बंद लाउडस्पीकरमधून त्याचा आवाज मंडपभर घुमला.

लोक हसले. मग लाउडस्पीकरमधून एक बाई हलकेच खाकरली. गाणं सुरू करण्याआधी दुर्गा अशीच खाकरायची. हसू जागच्या जागी विरलं. संघदीपनं घाईघाईनं माईक टेबलावर ठेवला.

"मी यात चॉकलेटशिवाय काहीच नाही टाकलं जी," रीना कशीबशी बोलली.

पुढच्या रांगेतून दुर्गाची आई, नंदाबाई, उठली. तिनं माईक ओठांशी धरला.

"काऊन थांबून राहिली वं माय इथं? चाल घरी."

लाउडस्पीकरमधून नुसता श्वास ऐकू येत राहिला. मग दुर्गाचा बारीक आवाज आला, "हव, येतो."

त्या वस्तूवर कोणीच बोली लावली नाही. रीनानं ती नंदाबाईला तशीच देऊन टाकली आणि तिला ऑटोपर्यंत सोडायला गेली. ऑटो रिकामाच होता. नंदाबाई आत बसली, पदर आवरला आणि सरकून शेजारी जागा केली.