मठोमठी फिरलेली शोकगुंडाळी

मी एक जुनी शोकगुंडाळी आहे, मित्रांनो. म्हणजे, होते. आता माझे तुकडे एका पोथीच्या बांधणीत चिकटवले आहेत. म्हणून सांगताना मी मध्येच तुटेन.

मी वासराच्या कातड्याची. ल्वार नदीकाठच्या मठाचे महंत गुंट्राम वारले. ती बातमी माझ्यावर लिहून मला तेउडो नावाच्या निरोप्याच्या गळ्यात अडकवलं. त्याने मठोमठी चालत जायचं आणि प्रत्येक मठाने माझ्यावर श्रद्धांजलीच्या लॅटिन ओळी लिहायच्या, अशी रीत. थांबणं नाही. चिखल, बर्फ, कुत्री, पुन्हा चिखल.

एका मठात एक म्हातारी साध्वी आधी मेण थापलेल्या पाटीवर लिही, पुशी, पुन्हा लिही.

"आटप की, माई! अकरा मठ राहिलेत."

"मेलेला पळून चाललाय का रे?"

"प्रत तरी ठेवता का?"

"मला कातडं कोण देतंय? चाळीस वर्षं लिहितेय. सगळं तुझ्यासारख्यांच्या गळ्यात बसून गेलं."

तिने माझ्यावर सहा ओळी उतरवल्या, मोठ्याने वाचल्या.

"म्हणजे काय, माई?"

"तो गेला, आणि त्याच्या वाटणीच्या भाकरीवर कुणी भांडलं नाही."

तेउडो हसला. मग त्याने तिच्याकडून त्या ओळी पुन्हा म्हणवून घेतल्या. वाटभर तो त्या न कळणाऱ्या ओळी पावलांच्या तालावर घोकत राहिला.

पुढच्या मठातल्या पंडिताचं काव्य लांबलचक. जागा पुरेना. त्याने सुरी घेतली आणि म्हातारीच्या ओळी खरवडून काढल्या. मित्रांनो, ती सुरी अजून माझ्या—

(इथे मला कापलं आहे.)

—गुंट्रामांच्या मठात परतलो. तेउडोला अक्षरओळख नव्हती, पण जागा ओळखीची होती.

"इथं म्हातारीचं होतं!" तो लेखनिक बर्नोल्डवर ओरडला. "लिहून घ्या. पाठ आहे मला."

बर्नोल्डने माझ्या पाठीवर लिहून घेतलं. लिहिता लिहिता त्याची मान डोलू लागली.

"कुणाचं रे हे?"

"माईचं."

"नाव?"

"विचारलंच नाही. दात नव्हते तिला."

बर्नोल्डने खाली लिहिलं, 'कुण्या एका साध्वीचे'. मी त्याच्या हाताखालीच होते. मठात तिला मारलेल्या हाका मी ऐकल्या होत्या. पण मला बोलता कुठे येत होतं!

आता माझी तीच पाठ सरसाने पुठ्ठ्याला चिकटली आहे. मित्रांनो, जुनी पोथी फाडू नका, फेकू नका. बांधणी हळूच सोडवा. माझी पाठ वाचा. आणि 'कुण्या एका'च्या जागी लिहा: आरेंबुर्गा.